टाक्यांचा हिशेब

"घरीच शिवलंस? म्हणजे फुकटातच पडलं की!"

बारशाला, मुंजीला, घरभरणीला स्वतः शिवलेली एखादी वस्तू घेऊन जा आणि हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. उलट तो कौतुकच करत असतो. पण सुई हातात धरणाऱ्या माणसाबद्दल आपण समाज म्हणून जे काही ठरवून टाकले आहे, ते सगळे या एका वाक्यात आले. विकत आणले ते किमतीचे, घरी केले ते फुकट. दुकानदाराचा वेळ म्हणजे पैसा. घरातल्या बाईचा वेळ म्हणजे काय? तर 'वेळ घालवणे'.

मला आज या 'फुकट'शी भांडायचे आहे. शिवाय त्याचा एक जुळा भाऊ आहे, तो जास्त सोज्वळ दिसतो म्हणून जास्त धोक्याचा. त्याचे नाव 'अमूल्य'. त्याच्याकडे मागाहून येतो.

पेशाने मी कारकून. दुसऱ्यांनी मांडलेले आकडे तपासण्यात आयुष्याची वीसेक वर्षे गेली. तेव्हा भांडणही हिशेबानेच करू. एक साधी वाकळ घ्या. गोधडी म्हणा हवे तर. बेळगावकडे कानडीच्या शेजारामुळे तिला कवदी, कौदी म्हणतात. रुंदी पाच फूट, लांबी सात फूट, म्हणजे एका माणसाच्या अंथरुणाची. लांबीच्या बाजूने धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या, दर इंचाला एक. चांगली शिवणारी बाई याहून दाट शिवते, पण आपण कमीत कमी धरू. पाच फूट म्हणजे ६० इंच, म्हणजे ६० ओळी. प्रत्येक ओळ ८४ इंचांची. झाले ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट. इंचाला चार टाके धरले तर २०,१६० टाके.

आता हे टाके रुमालावर घालायचे नाहीत. जुन्या कापडाच्या चार-पाच पदरांतून सुई आरपार काढायची आहे. मिनिटाला दहा टाके पडले तरी पुष्कळ झाले. या वेगाने नुसत्या टाक्यांना ३३ तास ३६ मिनिटे लागतात. त्याआधी लुगडी धुवून वाळवायची, विरलेला भाग कापून काढायचा, पदर जमिनीवर अंथरून सुरकुती राहणार नाही असे ताणायचे, कच्चे टाके घालून ते बांधून ठेवायचे. शेवटी चारी कडांना पट्टी दुमडायची. हे सगळे धरून ४० तास. रोज आठ तास बसले तर पाच दिवस.

तासाला ५० रुपये लावा. दिवसाचे ४०० झाले. आज गोव्यात ४०० रुपये रोजावर बागेतले गवत कापायला कोणी येतो का, ते विचारून बघा. तरीही एवढ्या कमी दराने एका वाकळीची नुसती मजुरी २,००० रुपये होते. कापड वेगळे, दोरा वेगळा, आणि दोन दिवसांनी आखडणारी मान वेगळी, तिला तर कुठल्याच रकान्यात जागा नाही.

प्रदर्शनात अशीच वाकळ हातात घेऊन, उलटीपालटी करून, "आठशेला देतेस तर दे" म्हणणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. ती मंडळी गरीब नसतात. बाहेर त्यांची गाडी उभी असते. त्याच संध्याकाळी हॉटेलात माशांच्या थाळीचा जो भाव फलकावर लिहिलेला असतो तो ती मुकाट देतात. घासाघीस सुचते ती फक्त सुईवाल्या बाईसमोर.

आता तो 'अमूल्य'.

सरकारी कचेरीतल्या निरोप समारंभाचा थाट ठरलेला आहे. शाल, श्रीफळ, चकचकीत प्लास्टिकात गुंडाळलेला गुच्छ आणि भिंतीवरचे घड्याळ. ज्याने जन्मभर घड्याळाकडे बघत बस पकडली त्याची सुटका ज्या दिवशी होते, नेमके त्याच दिवशी आपण त्याच्या हातात घड्याळ का देतो, हे कोडे मला उलगडलेले नाही. शालीबद्दल तर बोलायलाच नको. ती ॲक्रिलिकची शाल ना थंडीत उपयोगी, ना उकाड्यात. ती एका सत्काराकडून दुसऱ्या सत्काराकडे प्रवास करत राहते.

मागे आमच्याकडच्या एक बाई निवृत्त व्हायच्या होत्या. तेव्हा काही जणांनी वेगळे ठरवले. प्रत्येकाने घरातले एकेक जुने सुती कापड आणायचे. कोणाचा सदरा, कोणाच्या आईचे लुगडे, कोणाची लुंगी. त्या सगळ्यांची मिळून एक वाकळ. आमच्याच एका शिपायाची सासू पेडण्याकडे वाकळी शिवते, तिच्याकडे काम द्यायचे. तिने १,८०० रुपये सांगितले. आणि जे घड्याळ-शालीला दरवेळी त्याहून जास्त वर्गणी बिनतक्रार काढतात, त्यांना अचानक काटकसर सुचली. एक जण म्हणाला, "घरांत बसून शिंवता न्ही ती? मागीर तिका इतले पयशे कित्याक?" दुसऱ्याने तर कळसच केला. तो म्हणाला, "असल्या कामाचें मोल जायना. पयशे दिल्यार तिका वायट दिसतलें."

'अमूल्य' म्हणतात तो हा! ज्याचे मोल होत नाही, त्याचे मोल द्यावेही लागत नाही. घड्याळाच्या दुकानदाराला पैसे दिले तर त्याला वाईट वाटेल, असे आजवर कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. आम्ही १,८०० रुपये दिले. त्या बाईंनी नोटा मोजून घेतल्या, एकदा नव्हे दोनदा, आणि पदराला बांधल्या. त्यांना वाईट वाटल्याचे निदान मला तरी दिसले नाही.

या देवघेवीत आणखी एक गोष्ट लपलेली आहे, ती सांगायला हवी. शिवणकाम बायकांचे असे आपण म्हणतो. खरेच? म्हापशात जा, मडगावात जा, फोंड्यात जा. शिंप्याच्या दुकानात यंत्रावर बसलेला माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो. सूट शिवणारा पुरुष. संत नामदेव शिंपी कुळातले, आणि ते शिवणकाम बायकी आहे असे म्हणायची कोणाची छाती नव्हती. आमच्या कचेरीतही जुन्या पावत्यांचे गठ्ठे दाभण आणि जाड दोरा घेऊन शिवले जातात. तो दाभण चालवणारा कारकून मिशीवाला असतो आणि त्याला कोणी हसत नाही. तोच कारकून घरी सदऱ्याचे बटण तुटले की सदरा बायकोच्या पुढे टाकतो. म्हणजे सुईला स्त्री-पुरुष काही नाही. मजुरी मिळाली की शिवण पुरुषाची, आणि फुकट करायची असली की बाईची. एवढा सरळ नियम आहे.

"पण बाजारात स्वस्त मिळते," असे तुम्ही म्हणाल. मिळते ना. पानिपतची ब्लँकेटे गोव्याच्या कानाकोपऱ्यात पोचली आहेत. मराठी माणसाचे पानिपत १७६१ मध्ये एकदा झाले. आमच्या गोधडीचे रोज होते आहे. पण त्या स्वस्त, गुबगुबीत पॉलिएस्टरच्या ब्लँकेटाखाली आपल्या गोव्याच्या दमट हवेत एक रात्र झोपून बघा. घाम टिपला जात नाही, अंग चिकचिकते, शेवटी पहाटे ते पायाशी लोळत पडते. आपल्याला बर्फातले पांघरूण नकोच आहे. पावसाळ्याच्या रात्री आणि मार्गशीर्षातल्या पहाटे अंगावर असावे असे काही तरी हवे, जे ऊब देईल आणि घामही पिईल. ते काम अनेक वर्षे धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडेच करते. नव्या कापडातली खळ आणि ताठरपणा त्यातून निघून गेलेला असतो. तान्ह्या बाळाला पहिले कपडे जुन्या कापडाचे शिवायची रीत होती, ती याच कारणासाठी. नव्या कापडाची शिवण कोवळ्या कातडीला काचते हे आपल्या आज्यांना कोणा डॉक्टराने सांगावे लागले नव्हते.

त्या घरांत कापडाचा एक जन्मक्रम असे. लुगडे मऊ झाले की त्याची दुपटी, झबली, कुंची. ती विरली की वाकळीत. वाकळ फाटली की तिचे पायपुसणे, मग पोतेरे, आणि अगदीच चिंध्या उरल्या तर पीळ देऊन तेलात भिजवलेला काकडा. कापड जळून प्रकाश देऊन संपायचे. यात कोणाला 'पर्यावरण' आठवत नव्हते. कापड महाग होते आणि हात होते, म्हणून ते चालत होते. आज आपल्या साड्याच कृत्रिम धाग्याच्या. त्या घाम शोषत नाहीत, पदरांवर पदर ठेवले तर निसटतात, आणि जाळल्या तर वितळून घाण वास सोडतात. वाकळ मागे पडली त्याचे एक कारण बायका आळशी झाल्या असे सांगतात. तसे नाही. वाकळीला लागणारे कापडच कपाटातून नाहीसे झाले.

या ठिकाणी 'टाकाऊतून टिकाऊ'वाले पुढे सरसावतील. त्यांना हात जोडून विनंती आहे, जरा थांबा. शाळेत या नावाची स्पर्धा लागली की आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात पालकांची रांग लागते. आईस्क्रीमच्या काड्यांचे नवे कोरे पाकीट, चकमक, रंगीत कागद, गोंदाची बंदूक. चांगले सामान विकत आणायचे, त्याचे पेनस्टँड करायचे, बक्षीस घ्यायचे आणि महिन्याभरात कचऱ्यात टाकायचे. हे टिकाऊतून टाकाऊ झाले! थर्माकोलची मखरे अशीच वर्षानुवर्षे चालली. १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल देशभर बंद झाले, तेव्हा कुठे कायद्याने आपल्याला जी समज द्यायची ती दिली. हातकाम म्हणजे काहीतरी चिकटवणे, ही समजूत शाळेनेच मुलांच्या डोक्यात भरली आहे. चिकटवलेले सुटते. शिवलेले उसवता येते आणि पुन्हा शिवता येते. मुलांना शिकवायला हवा तो हा फरक.

शाळेत हातकाम आणायचे प्रयत्न काही कमी झाले नाहीत. गांधीजींची नयी तालीम १९३७ सालच्या वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आली. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हा विषय दिला. माझ्या पिढीने तो वेळापत्रकात पाहिला, आणि त्या तासाला गणिताचे मास्तर येऊन अभ्यासक्रम पुरा करताना पाहिले. जिथे तो तास खरेच होई, तिथे मुली शिवण शिकत आणि मुलगे पटांगणात जात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा 'बिनदप्तराचे' दिवस सुचवले आहेत. त्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकायचे. चांगली कल्पना आहे. माझी त्यात एवढीच भर, की या यादीत वाकळ शिवणाऱ्या बाईला बसवा, तिला शिक्षकाचे मानधन द्या, आणि वर्गातल्या मुलग्यांना पहिल्या रांगेत बसवा.

संस्कृतीवाले आतापर्यंत माझ्यावर खूष झाले असतील. त्यांचा आनंद थोडा कमी करतो. जुन्या दिवसांच्या आठवणीने गळा काढायचा माझा बेत नाही. रुखवतच घ्या. मुलीच्या हातचे विणकाम, भरतकाम, मण्यांची तोरणे, पाटाभोवतीच्या रांगोळ्या लग्नमंडपात मांडायच्या. यात हौस होती हे खरे. पण ती वधूची परीक्षाही होती. सासरकडच्या बायका एकेक टाका उलटून बघत, गाठ कुठे दिसते ते शोधत. वराने काय मांडले? काही नाही. त्याच्या हातचा एक टाकादेखील कोणी तपासला नाही. ही परीक्षा गेली तर मी नारळ फोडीन. पण गंमत अशी, की परीक्षा गेली नाही. टाकेच तेवढे गेले. आता तयार रुखवत विकत मिळते, भाड्यानेही मिळते. मांडायचे, फोटो काढायचे, परत करायचे. ज्यात कष्ट होते आणि बुद्धी होती ते आपण सोडले, आणि ज्यात नुसता दिखावा होता ते सांभाळून ठेवले.

आणि हे सगळे 'आपले प्राचीन' आहे या भ्रमातही राहू नये. शिवणाचा डबा उघडा. त्यातली फीत पोर्तुगीज 'फिता' या शब्दातून आली. आलपीन 'आल्फिनेत' मधून. बटण ज्यात अडकते ते काज पोर्तुगीज 'काझा'तून, म्हणजे घर. बटणाचे घर ते काज, काय सुंदर शब्द आहे! परकराला साया म्हणत, तोही 'साइया'चा. बटण इंग्रजीतून आले, आमच्या कोंकणीतला बोतांव पोर्तुगीजातून. बोटात घालायचा अंगुस्ताना फारसी. क्रोशाची सुई कॉन्व्हेंटांतून आली आणि आमच्या हिंदू घरांतल्या बायकांनी तिच्यावर देवाच्या चौरंगाचे आच्छादन विणले. मराठी-कोंकणीच्या नावाने आम्ही इतकी वर्षे डोकी फोडली, पण दोन्ही बाजूंच्या घरांतल्या शिवणाच्या डब्यात सारखेच शब्द नांदत होते. सुई कोणाची जातपात, धर्म, भाषा बघत बसत नाही. ती अभिमानाची वस्तू करून काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा चालवणे बरे.

गोव्याने या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरू नये. आपल्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. जे निसटले ते घाट चढून जंगलात गेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून जी वाकळ शिवतात तिला कवंद म्हणतात. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेने फिरत आत आत येत मध्यावर पोचतात. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीची त्रिकोणी 'फुले' लावतात. फुलांवाचून वाकळ त्यांच्या लेखी पुरी होत नाही. ज्यांना आपल्या बंदरात विकले गेले, त्यांच्या लेकी-नातींनी चिंध्यांतून हे उभे केले. हेन्री ड्रुअल या अमेरिकन कला-इतिहासकाराच्या पुढाकाराने २००४ मध्ये त्यांची सहकारी मंडळी निघाली आणि त्यांच्या वाकळी अमेरिकेतल्या प्रदर्शनांपर्यंत गेल्या. पणजीहून हल्याळ किती दूर? आपण कधी त्यांच्या घरी गेलो का? आपल्या लग्नाच्या आहेरात कधी एक कवंद दिसली का?

तरी काही जण म्हणतील, घरबसल्या शिवणाऱ्या बाईला मजुरीचा दर वगैरे मागायला शिकवणे म्हणजे कलेचा बाजार मांडणे. त्यांना अहमदाबादेची हकिकत सांगतो. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये तिथे 'सेवा' ही स्वयंरोजगारी बायकांची संघटना काढली. गिरण्यांतल्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या मुसलमान बायका पुढे तिच्यात आल्या. त्यांना चिंध्या व्यापारी देई, शिवलेली खोळ व्यापारी नेई आणि दर खोळीमागे जे ठरवील ते देई. बायकांनी एकत्र येऊन दर वाढवून मागितला. उत्तर म्हणून व्यापाऱ्यांनी चिंध्या द्यायचेच बंद केले. कलेचा बाजार मांडला म्हणून नव्हे. हिशेब मांडला म्हणून! त्या बायकांनी मग स्वतःची सहकारी संस्था उभारली. पुढे १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून उत्पादन करणाऱ्यांसाठी, खास करार मंजूर केला. त्यामागेही 'सेवा'सारख्या संघटनांचा आग्रह होता. घरी बसून केलेले कामही कामच असते, एवढे साधे वाक्य जगाच्या कागदावर यायला इतकी वर्षे लागली. आमच्या बारशातल्या वाक्याला अजून त्याची खबर नाही.

मग करायचे काय? नुसते चिडून भागत नाही. दोन गोष्टी करता येतील, दोन्ही सोप्या आहेत.

पहिली. विकत घ्याल तेव्हा तास विचारा. "हे शिवायला किती वेळ लागला, बाय?" एवढाच प्रश्न. उत्तर मिळाले की मनात गुणाकार करा. तेवढे पैसे परवडत नसतील तर वस्तू खाली ठेवा आणि नमस्कार करून पुढे जा. त्यात लाज नाही. लाज आहे ती तास माहीत असून भाव पाडण्यात.

दुसरी. स्वतः एक वस्तू शिवा. वाकळीपासून सुरू करू नका, पिशवीपासून करा. छत्तीस इंच पन्ह्याचा मांजरपाट घ्या, चोवीस इंच लांब. आधी भिजवून वाळवा, कारण तो आटतो. पन्ह्याच्या दिशेने चार इंचांची एक पट्टी कापून काढा आणि तिचे दोन समान तुकडे करा. प्रत्येक पट्टी लांबीत चार पदरी दुमडून कडेने शिवली की एक इंच रुंदीचे, अठरा इंच लांबीचे दोन बंद झाले. उरलेले कापड मधोमध दुमडा, तळ आणि उघडी बाजू उलट्या टिपेने शिवा. धावदोरा इथे नको. नारळ आणि भाजीच्या वजनाने तो सुटतो. तोंडाला दीड इंच दुमडून हेम घाला. बंद जिथे जोडाल तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारा, वजन चारी दिशांना वाटले जाते. संपले. पहिल्यांदा शिवणाऱ्याला एक रविवार लागेल. बोटाला दोनदा सुई टोचेल. टाके वाकडे येतील, येऊ देत. ती पिशवी चतुर्थीच्या बाजाराला माटोळीचे सामान आणायला न्या, किंवा कोणाला तरी भेट द्या.

त्या रविवारी संध्याकाळी तुम्हाला एक पिशवी मिळेल, आणि एका रविवारात किती टाके मावतात याचा अंदाजही मिळेल. ज्याला तो अंदाज आला, तो पुन्हा कधी कोणाला "फुकटातच पडलं की" म्हणणार नाही. माझा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी आहे. तोंडी समजावून हे पटत नाही. बोटांना पटावे लागते.

आणि ही पिशवी घरातल्या पुरुषांनी आधी शिवावी, बायकांनी नंतर. बायकांची शिवण बरीच झाली आहे, बाकी आमचीच आहे.

असो. यावर मतभेद असतील, असावेतही. भांडायला माझी ना नाही. फक्त भांडायला येणाऱ्या पुरुष मंडळींनी आपल्या सदऱ्याचे एक बटण स्वतः लावून यावे. सोपे आहे. बटण आणि कापड यांच्या मध्ये काडेपेटीची एक काडी धरा, टाके घालून झाले की काडी काढा, आणि मोकळ्या राहिलेल्या दोऱ्याला खालून तीन-चार वेढे देऊन गाठ मारा. बटण मग काजात नीट बसते आणि लवकर तुटत नाही. पाच मिनिटांचे काम आहे. त्या पाच मिनिटांची मजुरी किती धरायची, ते आपण समोरासमोर बसून ठरवू.